डावा खिसा

जेवणं झाली, अंगणात शेकोटी पेटली आणि सासूबाईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं माझ्यापुढं ठेवलं. नव्या सुनेनं सोलायचं, ऐकायचं आणि गप्प बसायचं. तिन्ही मला जमतात. माझे सासरे विठ्ठलराव, आमचे मामाजी, मफलर कानांवर ओढून म्हणाले, "ऐकीव नाही सांगून राह्यलो. आपल्या गुलाबसिंगच्या अंगावरून गेलेलं हाये."

गुलाबसिंगकाका तांड्यावर राहतात. मारेगावात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात आमच्या लग्नालाही आले होते.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याची रात्र. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरून आली होती, आणि काका एक व्हॉल्व्ह बदलायला दुकानात थांबले होते. एका बंद पडलेल्या कॉलेजातून ऑसिलोस्कोप आला होता. विजेची चाल हिरव्या रेघेत दाखवणारी जुनी, जड पेटी. आत काचेचे व्हॉल्व्ह. पूर्वी त्याच कॉलेजात, याच पेटीत हात घातलेले असताना काकांचे उस्ताद, रामलाल मास्तर, वारले होते. मास्तरांचा एकच नियम होता : उघड्या पेटीत उजवा हात जाईल, डावा खिशात राहील. दोन्ही हात आत गेले, तर करंट एका हातानं शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो. नियम शिकवणारे मास्तर त्या दिवशी स्वतःच विसरले.

काकांचं काम चाललेलं असताना लाइट गेली. त्यांनी पिन काढून ठेवली, मोबाइलचा उजेड केला. व्हॉल्व्हमधली लाली विझली. तेवढ्यात एक स्क्रू आत पडला. लाइट नाही, पिन काढलेली. आता कसली भीती? काका डावा हात बाहेर काढायला गेले.

हात निघेना.

अडकला असेल. त्यांनी ओढला. मग खिशात बोटं हलली... त्यांची नव्हती. गार. हातात हात घालून. घट्ट.

मामाजी थांबले. माझा दीर कपिल शेंग तोंडाशी धरून तसाच बसला होता.

काका दचकले. उजव्या हातातला पेचकस निसटून पेटीत पडला. तड्. निळी ठिणगी. पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती आधी उतरवायची असते. काका विसरले होते. दोन्ही हात आत असते, तर...

"मास्तर," काका अंधारात म्हणाले, "समजलं मले. सोडा आता."

त्यांनी हात परत ओढून पाहिला.

"मास्तर..."

सोडला नाही.

तसेच निघाले. तांड्याचा रस्ता. दोन्हीकडं कपाशी. पावलं एकाचीच वाजत होती. खिशात हात दोन. दाराशी त्यांच्या बायकोनं, जमनाबाईनं, विचारलं की हात कायले लपवून राह्यले. तेव्हा कुठं तो खिशातून बाहेर आला.

"मंग सुटला ना थो?" कपिलनं विचारलं.

मामाजींनी शेकोटीत काडी सारली. "बाहेर आला म्हटलं म्या. दुसऱ्या दिवशी त्यानं सारे खिशे शिवून घेतले."



मी आत आले. मोबाइलवर लग्नातला सगळ्यांचा फोटो उघडला. त्या दिवशी फोटोग्राफर दोनदा ओरडला होता, काका, जवळ सरका. काका सरकले नव्हते, आणि मी पदराआड हसले होते. टोकाला काका उभे आहेत. त्यांच्या डावीकडं कपिल. मध्ये एका माणसाची जागा मोकळी.

काकांचा डावा हात त्या जागेत लोंबतोय. बोटं अर्धी मिटलेली. मी फोटो मोठा केला... आणखी मोठा केला.

हाताच्या पाठीवर चार खळगे. दाबलेले.