चुन्याची नाली

राणीच्या वाइनरीतल्या टाकीची तोटी उघडी होती, टाकी रिकामी होती आणि नव्या चुन्याच्या पांढऱ्या नालीतून लालभडक ओघळ थेट कुंपणापर्यंत गेला होता.

कवठे महांकाळ ठाण्याच्या फौजदार ताहेरा मुल्ला पोचल्या, तेव्हा राणी नालीशेजारी उकिडवी बसली होती. शिराज आणि झिनफँडेल, दोन जातींच्या द्राक्षांची तिची ही पहिली वाइन. हलकी, फळाच्या चवीची. उद्या ती पाचगणीच्या हॉटेलात जायची होती. धनगराची पोर दारू गाळती म्हणून गावानं नाकं मुरडली, तर हिनं लेबलावर आज्जीचंच नाव छापलं: बयाबाई.

"चव घ्यायला थेंब उरला न्हाई, मॅडम," दिग्विजय म्हणाला. हा राणीचा चुलतभाऊ. विक्री बघायचा.

"मी पीत नाही," ताहेरा म्हणाल्या. "मुद्देमाल शाबूत राहतो."

पहिला संशय गावच्या सरपंचांवर, भाऊसोंवर. वाइनरी बंद करायला उद्याची ग्रामसभा त्यांनीच लावलेली.

"टाकी फोडीन म्हणाला होतात?" ताहेरांनी त्यांना विचारलं.

"म्हणालो. फोडायची तर वाजतगाजत फोडीन. चोरावानी तोटी सोडणाऱ्यातला न्हाई मी."

ताहेरांनी मनातल्या खात्यात ही ओळ भाऊसोंच्या जमेला टाकली. असला माणूस गुन्हा करणारच असेल, तर आधी हार-तुरे मागवतो.

राणीचे वडील कोंडीबा पुढं आले. नालीला चुना त्यांनीच परवा दिलेला.

"काल इथं कोण होतं?"

"आमी समदी पाव्हण्याच्या गावाला जत्रंला. दिग्विजय थांबला. पाण्याचा टँकर यायचा हुता."

"आला?"

"आला की. धोंडुबाई रस्त्यावर शेरडं राखत हुती. म्हणती, लय चकचकीत. दुधाचा असतोय तसला."

ताहेरांनी पाण्याच्या टाकीवर बोटांनी ठोकलं. वरचा अर्धा भाग पोकळ वाजला. त्या बाहेर गेल्या, एक फोन केला आणि परत आल्या.

राणी सकाळपासून द्राक्षांचा चोथा उपसत होती. ती नळावर हात धुवायला लागली, तसा साबणाचा फेस निळा-हिरवा झाला.

"हे काय?"

"साबण लागला की असंच हुतंय. इथं समद्यांची नखं निळी हायती बघा."

दिग्विजयनं खिशातून पेन काढलं. नखं स्वच्छ, गुलाबी. "अपघात लिवून टाका, मॅडम. राणे, आता दम संपला तुझा. लेबल माझ्या नावावर कर. पुढचं मी निस्तरतो."

"मरंन, पर आज्जीचं नाव दुसऱ्याला देणार न्हाई," राणी म्हणाली.

"तुझ्याकडं एखादी नमुन्याची बाटली असेल?" ताहेरांनी विचारलं.

होती. मिश्रण ठरवताना राखलेली. ताहेरांनी ती नालीच्या कोऱ्या चुन्यावर ओतली. लाल धार चुन्याला लागली आणि बघता बघता निळी पडली, मग हिरवट.



"साबणानं जे होतं, तेच चुन्यानं होतं," ताहेरा म्हणाल्या. "मग हा ओघळ लाल कसा राहिला? कारण ही वाइन नाहीच. हे बर्फाच्या गोळ्यात घालतात त्या रंगाचं पाणी. त्यापायी पाण्याची टाकी अर्धी झाली आणि तशीच राहिली, कारण टँकरनं पाणी आणलंच नव्हतं. तो रिकामा आला आणि वाइन भरून गेला. पाण्याला दुधाचा टँकर कोण बोलावतो? ज्याला आतला माल नासू द्यायचा नाही, तो."

"चुन्याचं कुणालाबी ठावं नसंल. मग मीच कसा?" दिग्विजय म्हणाला.

"इथं ज्यानं द्राक्षात हात घातलाय, त्याला ठाऊक आहे. इथल्या माणसांत हात न घातलेला एकच. दाखव नखं."

त्यानं हात खिशात घातले. ताहेरांनी फोनवर आलेला निरोप वाचला.

"राहू दे. टँकर वाईच्या अलीकडं अडवलाय. ड्रायव्हरनं तुझंच नाव घेतलं."

"हितं असल्या आडरानात कोण पुसतंय या वाइनला?" दिग्विजय राणीकडं न बघता म्हणाला. "पाचगणीत माझ्या नावानं खपली असती."

"खपंल की," राणी म्हणाली. "बयाबाईच्याच नावानं."

शिपायानं त्याला जीपमध्ये बसवलं. भाऊसो खाकरले.

"चोरी ती चोरी. पर दारू ती दारूच. उद्या माझा विरोध हायच."

"या की. मी समोरच बसंन," राणी म्हणाली.

कोंडीबा चुन्याची बादली घेऊन आले. राणीनं लाल ओघळ त्यांना खुशाल झाकू दिला. निळ्या डागाशी मात्र ती आडवी उभी राहिली.

"आबा, त्यो ऱ्हाऊ द्या. उद्या सभा झाली की समद्यांना हितं आणून अस्सल द्राक्षाचा रंग दाखवायचा हाय."