पंक्तीबाहेरचे ताट

ज्याच्या हातून अपराध घडतो, त्याला पश्चात्तापाची वाट तरी मोकळी असते. त्याने रडावे, कबूल करावे, गुडघे टेकावे आणि मोकळे व्हावे. परंतु दुसऱ्याचा अपराध ज्याने स्वेच्छेने आपल्या माथी घेतला, त्याने काय करावे? न केलेल्या पापाचा पश्चात्ताप करावा, तर देवापुढे असत्य बोलणे होते. सत्य सांगावे, तर ज्याच्यासाठी ते ओझे उचलले त्याच्याच मानेवर ते पुन्हा जाऊन पडते. अशा जीवाला क्षमा करणेदेखील मग कोणाच्या हाती उरत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या ड्राय स्लू या कापसाच्या वस्तीत, चर्चचे पाळक एन्सेल प्रुइट यांची कन्या ऑर्फा या गुंत्यात अकरा वर्षे राहिली, आणि त्या अकरा वर्षांत तिने एकदाही वडिलांच्या टेबलाशी बसून घास घेतला नाही.

त्या बहिष्काराची पहिली दुपार तिला जन्मभर आठवत होती. रविवारची प्रार्थना आटोपून सारे घरी आले होते. तिने नेहमीप्रमाणे घेवडा, रताळी आणि मक्याचा पाव मांडला, वडिलांच्या उजव्या हाताला आपले ताट ठेवले आणि खुर्ची ओढली. एन्सेल प्रुइट उठले. त्यांनी ते ताट दोन्ही हातांनी, जणू ते जड असावे तसे, उचलले, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या ओसरीवर नेले आणि तिथल्या उपड्या खोक्यावर ठेवून परत आले.  मग डोळे मिटून त्यांनी अन्नासाठी देवाचे आभार मानले... आणि ऑर्फाने ते आभार दाराच्या जाळीपलीकडून ऐकले.

घडले होते ते असे. तिचा धाकटा भाऊ कॉय तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ऑर्फा चौदाची. मरणशय्येवर आईने त्याचा हात हिच्या हातात दिला होता, आणि तो हात हिने पुन्हा कधी सोडला नव्हता. मुलाच्या गळ्यात विलक्षण चैतन्य होते. प्रार्थनामंदिरातल्या टाळ्यांचा आणि पाय आपटण्याचा जो आवेग लहानपणापासून त्याच्या रक्तात भिनला होता, तोच त्याने शेतमजुरांच्या आणि डोंगराळ माणसांच्या गाण्यांत ओतला. लोक त्या नव्या धाटणीला पुढे रॉकॅबिली म्हणू लागले. तबला नाही, ढोल नाही. एक गिटार, एक गळा आणि माणसाच्या उंचीचे एक बास व्हायोलिन. त्याच्या तारा ओढून लाकडावर अशा फटकारायच्या, की तालही त्यातूनच निघावा आणि सूरही. कॉयचा सोबती हॉयट बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून ते वाजवी; तरी गाणे संपेपर्यंत पट्ट्या लाल होत.

परंतु ते बास त्यांचे नव्हते. ते मंडळीचे, म्हणजे चर्चच्या साऱ्या भाविकांचे होते. गावाने ते देवासाठी आणले होते, आणि एन्सेल प्रुइट यांनी वेदीपुढे त्याच्यावर तेल ओतून, हात ठेवून त्याचा अभिषेक केला होता. अभिषेक झालेली वस्तू पुन्हा जगाची होत नाही, अशी तिथल्या लोकांची दृढ श्रद्धा. कॉय अजून तारण पावलेला, म्हणजे ख्रिस्ताला शरण जाऊन मंडळीत आलेला, नव्हता. म्हणून त्याने जगाची गाणी गावीत, हे वडिलांनी दुःखाने का होईना, सोसले होते. पापी माणूस पाप करणारच, एक दिवस तो वेदीशी येईल, या आशेवर ते थांबले होते. मात्र वेदीवरची वस्तू नाचगाण्यासाठी नेणे, हे त्यांच्या लेखी परमेश्वराच्या हातातून हिसकावून घेणे होते.

मंदिराची किल्ली ऑर्फाकडे असे. झाडलोट तीच करी. एका पहाटे कॉयने तिच्या ॲप्रनच्या खिशातून ती किल्ली काढली, बास मोटारीच्या टपावर बांधले, नदी ओलांडून मेंफिसला जाऊन गाणे ध्वनिमुद्रित केले आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सारे जागच्या जागी आणून ठेवले. त्याच्या मते गोष्ट तिथेच संपली होती. पण जिनिंग कारखान्याच्या कचेरीत रेडिओवर कॉयचे गाणे वाजत असताना एन्सेल प्रुइट दारात थबकले. त्या बासच्या पोटाला एक चीर होती. त्यांनी स्वतः ती सरसाने सांधली होती, आणि तेव्हापासून खालची तार किंचित घरघरत असे. आपल्या मुलाचा खोकला बाप अंधारातही ओळखतो, तशी त्यांनी ती घरघर ओळखली.

त्या आठवड्यात मेंफिसच्या ध्वनिमुद्रिका कंपनीचा करार यायचा होता. एकवीस वर्षे पुरी झाली नसल्याने कॉय तिथल्या कायद्याने सज्ञान नव्हता. वडिलांच्या सहीवाचून त्याचा कागद हा कोरा कागद होता. रविवारी भर मंडळीत पाळकांनी विचारले, की मंदिर कोणी उघडले. कॉय मागच्या बाकावर होता, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झालेला ऑर्फाने पाहिला. ती उभी राहिली.

"मी उघडलं," ती म्हणाली. "कॉयने मागितलं आणि मी हाताने काढून दिलं. मंडळीची परवानगी आहे, असं मीच त्याला सांगितलं."

तिच्या आयुष्यातले ते पहिले असत्य होते, आणि ते तिने देवाच्या घरात उच्चारले. मंडळीने तिला बहिष्कृत केले. डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी, असलेला एल्बर्ट लूमिस हा विधुर गृहस्थ, ज्याने येत्या हिवाळ्यात तिच्याशी विवाह करण्याचे योजले होते, त्याने ठरावाच्या बाजूने सर्वांत आधी हात वर केला. अशा व्यक्तीशी अन्नव्यवहारही ठेवू नये, असा वडिलांचा शास्त्रार्थ होता. ती सर्वांसमक्ष पश्चात्ताप करील त्या दिवशी पंक्तीत येईल, असे त्यांनी सांगितले. सोमवारी त्यांनी कॉयच्या करारावर सही केली.

निघताना कॉय ओसरीवर तिच्या गळ्यात पडून रडला. वर्षभराने, नाव झाले की येईन, मंडळीपुढे उभा राहून सगळे सांगेन. तोवर ताई, तू कोणाला सांगू नकोस, असे त्याने तिच्याकडून वचन घेतले. तिने ते दिले. वचन देताना तिला वाटले, एक वर्ष म्हणजे काय... चार ऋतू!

नाव खरेच झाले. गुलाबी कोट, तेल लावून उंच वळवलेले केस, मोटारीच्या टपावर स्वतःचे नवे बास. टेक्सासपासून जॉर्जियापर्यंत पोरी त्याच्या बाह्या फाडू लागल्या. ऑर्फा शेजारणीच्या खिडकीशी उभी राहून रेडिओवर त्याचा आवाज ऐके. एके शनिवारी गाण्याआधी तो बोलू लागला, आणि तिने ऐकले:

"माझी ताई भलती सोवळी बरं का, मंडळी. केसांना कात्री नाही, ओठांना रंग नाही. पण देव जरा डोळे मिटून प्रार्थना ऐकत होता ना, तेवढ्यात बाईने त्याच्याच घरातलं बास पळवलं! आता देव दाराला कुलूप लावतो."

रेडिओतून हास्याचा लोंढा आला. शेजारीण हळूच उठली आणि आवाज बारीक करू लागली. ऑर्फाने मानेने नको म्हटले. तिला गाणे ऐकायचे होते.

वर्ष उलटले, दुसरेही सरत आले. शरदात परगण्याच्या जत्रेत त्याचा कार्यक्रम लागला, तेव्हा ती सहा मैल चालत गेली. लांब बाह्यांचा करडा पोशाख, मानेवर घट्ट अंबाडा; त्या रंगीत गर्दीत ती लगेच दिसली. कॉयलाही दिसली. क्षणभर त्याचे ओठ थांबले... आणि मग त्याने हात लांब करून तिच्याकडे बोट दाखवले. "अरे, ही बघा आलीच! आपापली वाद्यं सांभाळा रे." हजार माणसे वळून तिच्याकडे पाहत हसली. हॉयट मात्र हसला नाही. त्याने मान खाली घालून तारा जुळवायला घेतल्या.

कार्यक्रमानंतर तंबूमागे तिने एकच विचारले, की तू सांगायला कधी येणार.

"ताई, अगं, ती गंमत आहे," तो घाम पुसत म्हणाला. "अख्ख्या कार्यक्रमात लोक त्यावर सगळ्यात जास्त हसतात. आता मीच खोटी पाडू का ती?"

"मी बाहेर जेवते, कॉय," असे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण त्याच्या कोटाची शिवण खांद्याशी उसवली होती आणि तिची नजर तिथे गेली. तिने सुईदोरा काढला, ती शिवण घातली आणि परतीची सहा मैलांची वाट धरली.

पुढची वर्षे त्याच्यावरही निर्दय झाली. गोड, मऊ आवाजाच्या नीटस मुलांचा काळ आला. फटकारलेल्या तारा लोकांना गावंढळ वाटू लागल्या. कंपनीने त्याची पत्रे उघडणे सोडले. हॉयट एका सकाळी बास घेऊन निघून गेला. कॉय रस्त्याकडेच्या दारूगुत्त्यांत गाऊ लागला, मग गाण्यापेक्षा पिऊ लागला, आणि ज्या गळ्यासाठी एवढे सारे झाले, तो गळाच एका हिवाळ्यात करवतीसारखा खरखरीत होऊन बसला. इकडे एल्बर्ट लूमिसने दुसरे लग्न केले. ऑर्फा मात्र रोज, आणि रविवारी पाहुण्यांसह सहा माणसांचा, स्वयंपाक करी, वाढी, आणि जाळीचे दार लोटून खोक्यापाशी बसे. थंडीत तिच्या ताटातल्या चरबीवर पांढरी साय धरे. वडील तिच्याशी बोलत. तापात तिच्या उशाशी बसत. तिच्यासाठी प्रार्थना करताना त्यांचा आवाज कापे. फक्त पश्चात्ताप कर, एवढे म्हणत. तिने उच्चारलेल्या असत्याबद्दल ती एकांतात कितीदा रडली होती! पण जे केलेच नाही, ते देवापुढे केले म्हणून सांगायला तिची जीभ वळेना.

अकराव्या वर्षी कॉय परतला. हातात पिशवी, बोटांना कंप, वयाच्या तिसाव्या वर्षी कानांशी पांढरे केस. वडिलांनी फाटकापर्यंत धावत जाऊन त्याला मिठी मारली, आणि पुढच्या रविवारी हरवलेले सापडल्याच्या आनंदावर असे प्रवचन केले, की बायका स्फुंदल्या. दुपारी घरी जेवण होते. डुकराचा भाजलेला खांदा, तळलेली कोंबडी, पीच फळे भरून भाजलेले गोड पक्वान्न. एल्बर्ट लूमिस सपत्नीक आला होता. वडिलांनी कॉयला आपल्या उजव्या हाताला बसवले. त्याने काय केले, कुठे होता, हे कोणी विचारले नाही. कोणी विचारणारही नव्हते.

ऑर्फाने सर्वांना वाढले, स्वतःचे ताट उचलले आणि दाराकडे वळली.

"ताई कुठे निघाली?" कॉयने विचारले.

बाकीचे आपापल्या ताटांत पाहू लागले. मग एल्बर्ट लूमिस रताळे फोडत म्हणाला, "तिची जागा ठरलेली आहे, ब्रदर. अकरा वर्षं झाली, कोणी बळकावली नाही अजून." त्याची बायको रुमालात हसली.

कॉय उठून ओसरीवर गेला. तिथे खोके होते. त्यावर टवके उडालेले ताट, ताकाचा पेला आणि माशा वारणारी त्याची बहीण होती. 

"रोज?" त्याचा तो फाटका आवाज जेमतेम निघाला. "मला वाटलं, महिनाभर धरतील आणि सोडतील."

"तुझं जेवण गार होतंय," ती म्हणाली.

तो आत आला, आणि बसला नाही. किल्ली आपण चोरली, ताई झोपली होती, तिला संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हते. आणि मग अकरा वर्षे त्याच गोष्टीवर लोकांना हसवून आपण पोट भरले, हे त्याने टेबलाची कड घट्ट धरून सांगितले. एल्बर्टच्या हातातला काटा तसाच राहिला.

एन्सेल प्रुइट यांनी जाळीच्या दाराकडे पाहिले. "ऑर्फा, हे खरं आहे?"

"विचारायला फार उशीर केलात, बाबा."

 ज्याने देवाच्या घरात अपराध केला त्याला या पंक्तीत स्थान नाही, हा नियम एन्सेल प्रुइट यांनीच केला होता. आणि देवाच्याच घरात, भर मंडळीत, एका निष्पाप जीवाचा न्याय त्यांनी असा केला होता! ते उठले. त्यांनी आपले ताट दोन्ही हातांनी उचलले, स्वयंपाकघर ओलांडले आणि ओसरीवर येऊन जमिनीवर बसले. कॉय आपले ताट घेऊन त्यांच्यामागून आला. लूमिस दांपत्य टोप्या शोधत पुढच्या दाराने निघून गेले. त्यांना कोणी थांबवले नाही.

ऑर्फा उभी होती. तिने धावत जाऊन वडिलांना उठवावे, भावाला पोटाशी धरावे, असे कोणालाही वाटले असते, तिलाही वाटले. पण तिचे पाय आत वळले. तिने नवे ताट वाढून घेतले आणि ती वडिलांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसली. आजवर इतरांच्या तोंडून ऐकलेले आभार तिने स्वतः, हलक्या आवाजात, उच्चारले. मग ती जेवली... सावकाश, ऊन ऊन, पोटभर. रताळे, घेवडा, मांसाचा मऊ तुकडा, मग पीचचे पक्वान्न. बाहेर दोन माणसे तिच्या काट्याचा आवाज ऐकत, आपापल्या ताटाला न शिवता बसली होती, आणि तिने त्यांना बसू दिले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते तिने पुसले नाही आणि घासही थांबवला नाही.

ताट रिकामे झाले तेव्हा ती उठली. दोन खुर्च्या ओढून टेबलापासून थोड्या दूर केल्या, माणूस सहज बसेल इतक्या. जाळीचे दार उघडून धरले.

"चला, आत या," ती म्हणाली. "मी गरम करून वाढते."

म्हातारा भिंतीचा आधार घेत उठला. त्याला उठताना हात देणारा कॉय होता, आणि दोघांनाही उंबऱ्यावर आधार देणारी ती.

ज्यांनी न्याय चुकवला, ज्याने मौन पाळून दुसऱ्याला जाळले, आणि जिने ते जळणे सोसले, त्या तिघांनाही उरलेल्या दिवसांत एकाच टेबलाशी ऊन अन्न मिळो, आणि ते गिळण्याइतकी शांती लाभो.