चंद्राला तीस सेकंद

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तेव्हा आत ती होती आणि तिच्या मिठीत तिची दुर्बीण. वरची फट रुंदावली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा चेहरा डोकावला.

“आधी कोणाला काढू? तुम्हाला की या तोफेला?”

“तोफेला. मला धक्का लागला तरी चालेल, तिचे आरसे हलतील.”

“बरं… पण हात तुमचाही द्या.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा जोडत होती, तर तो हजर. लिफ्टचं यंत्र तिथल्याच खोलीत होतं. ते तपासायला आलो, म्हणाला. तपासून झालं, तरी हलेना. “मलाही फोटो काढायला शिकवाल?”

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, समजावून सांगायची तिला सवय होती. गुरू ग्रह असेल तर छोटा व्हिडिओ घ्यायचा, त्यातली स्पष्ट चित्रं निवडून एकावर एक रचायची. तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायूचे ढग, अंधुक; दुर्बीण आकाशाच्या चालीने फिरती ठेवून लांब एक्स्पोजरचे, कॅमेऱ्यात बराच वेळ उजेड घेणारे, खूप फोटो घ्यायचे. चंद्राला मात्र सेकंदाचा शंभरावा भाग पुरे.

तो मान डोलवायचा. आणि चंद्राला तीस सेकंद लावायचा.

“हा चंद्र आहे की सांडलेलं दूध?” ती वैतागायची.

“परत सांगता का… पहिल्यापासून?”

तिला काही उमगेना. अख्खी लिफ्ट उघडून जोडणाऱ्याला एवढं जमत नाही? की लक्षच नसतं? मग रोज येतो कशाला? नजरानजर झाली की पाना शोधायला का वळतो? आणि आपण तरी… त्याची वाट का बघतो?

इकडे मावशीच्या मैत्रिणीचा पुतण्या होकाराची वाट बघत होता. “रविवारी मला हो की नाही ते हवं,” मावशीने बजावलं होतं. रविवार उजाडला, मावळायलाही आला, आणि उत्तर घ्यायला मावशी स्वतःच धापा टाकत गच्चीवर पोचली. भाची यंत्राच्या खोलीमागे वायर सोडवत होती, कॅमेऱ्यापाशी तो एकटाच होता.

“काय हो,” मावशीने त्याला विचारलं, “चंद्राचा फोटो रात्री काढायचा, मग उजेड कमी नाही का पडत?”

“नाही, मावशी. आपल्याकडे रात्र असली तरी तिथे ऊन पडलेलं असतं. भर दुपारी अंगणाचा फोटो काढावा, तसं झटकन उरकायचं. वेळ लावला तर सगळं पांढरं.”

वायर तिच्या हातातून गळली. ती पुढे आली.

“म्हणजे तुम्हाला येत होतं. कधीपासून?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

“मग माझी थट्टा चालली होती?”

“नाही हो.” त्याने कॅमेरा खाली ठेवला. “समजलं म्हटलं असतं… तर शिकवणी संपली असती. मग कुठल्या निमित्ताने आलो असतो? लिफ्ट तर धडधाकट आहे.”

राग यावा की हसू, तिला कळेना. “सरळ बोलायचं ना.”

“रोज ठरवून यायचो. तुम्ही समोर आलात की बोबडी वळायची. आता सांगतो… तुम्ही मला फार आवडता.”

मावशी कठड्याला टेकली. “अगं, त्या पुतण्याला काय सांगू?”

“नाही म्हणून सांग.”

“आणि याला?”

ती कॅमेऱ्याशी उगाच चाळा करत राहिली. मग मान वर न करताच त्याला म्हणाली, “उद्या लवकर ये. तेजोमेघाला वेळ लागतो.”