आरोळीची जागा

त्या दिवशी सकाळी मी दोनच डबे भरले. एक माझा, एक सुमीए वन्संचा. भात, अंड्याची गोड वडी, मुळ्याचं लोणचं. खारवलेलं आलुबुखार मात्र कुठल्याच डब्यात नव्हतं. ते आमच्या ह्यांचं खाणं; मला त्याच्या नुसत्या नावानं दात आंबतात. हे जाऊन सहा महिने झाले होते. मी आलुबुखाराच्या बरणीला दोरा बांधून ती फळीवर ठेवून दिली होती.

आमच्या डोंगरातल्या गावी लाकडी नाट्यगृह आहे आणि वर्षातून एकदा, शरदात, तिथं काबुकी नाटकांची मंडळी येते. आमचे हे, म्हणजे कान्जी, तिथले आरोळी देणारे. नट ऐन प्रसंगी डोळे वटारून जागच्या जागी थिजतो, फळीवर लाकडाचे दोन टोले पडतात, आणि त्या दोन टोल्यांमधल्या श्वासात मागून कोणीतरी त्याच्या घराण्याचं नाव गरजायचं असतं. आधी ओरडलं तर हसं होतं, फार उशीर झाला तर नटाचं अवसान गळतं. हे कायम कणभर उशिरा. कारण तोंडात आलुबुखाराची बी! ती आधी माझ्या तळहातावर ठेवायची, मग ओरडायचं. चाळीस वर्षं मी नाटक कमी पाहिलं आणि ओल्या बिया जास्त सांभाळल्या.

यंदा म्हातारे मिनोवाया येणार होते. मिनोवाया हे त्यांच्या घराण्याचं नाव, पण सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारतात. पंचाहत्तरी उलटलेली, त्यात मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. हे त्यांचं शेवटचंच काम. आदल्या दिवशी ते काठी टेकत आमच्या चपलांच्या दुकानात आले.

“ताई, कान्जी गेला. आरोळीची नेमकी जागा आता तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.”

“बाईमाणसानं आरोळी द्यायची? गाव काय म्हणेल?”

“म्हणू दे. आरोळी आली की माझा श्वास सुटतो आणि पाय हलतो. नाही आली तर मी तिथंच कोसळेन, ताई.” हे ते हसत म्हणाले, पण त्यांचा डावा गुडघा थरथरत होता. मी हो म्हणून बसले.

नाट्यगृहात आमची जागा ठरलेली, मागच्या रांगेतला, लाकडी कठड्यानं आखलेला तीन गाद्यांचा चौकोन. मी मध्ये, उजवीकडे वन्सं. डावीकडची ह्यांची गादी रिकामी होती, म्हणून वन्संनी तिच्यावर आपली पिशवी ठेवली. आम्ही डबे खाल्ले, शेजारणींच्या नव्या किमोनोंना नावं ठेवली. दुपार मजेत चालली होती.

पहिल्या प्रसंगी मिनोवाया थिजले आणि मी घाबरून टोला पडायच्या आधीच ओरडले. अख्खं नाट्यगृह खो खो हसलं.

“वहिनी, कोंबडं आरवलं की काय?” वन्सं म्हणाल्या.

मलाही हसू आलं. पण शेवटचा प्रसंग अजून बाकी होता.

त्या प्रसंगासाठी जुन्या रिवाजाप्रमाणे सगळ्या खिडक्यांच्या झडपा लावतात. भर दुपारी अडीच वाजता आत काळोख झाला. रंगमंचावर दोन मेणबत्त्या, आणि बाकी नुसते माणसांचे श्वास. लाकूड कुठंतरी करकरलं. मग मला कापराच्या मलमाचा वास आला, हे रोज पाठीला चोळायचे त्याचा.

“वन्सं… तुम्ही मलम लावलंय का?”

“नाही हो… मलाही येतोय.”

डावीकडची गादी हळूच दबल्यासारखी वाटली. मी तिकडं पाहिलं नाही. मिनोवाया पुढं आले होते. त्यांनी पाय टाकला, हात उचलला, डोळे वटारले आणि थिजले. पहिला टोला पडला. मी तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. त्यांचा डावा गुडघा थरथरताना मला इथून दिसत होता. मी डाव्या हाताची मूठ आवळली. दुसरा टोला पडला आणि विरूही लागला…

“मिनोवाया!”

माझ्या डाव्या कानाशी. कणभर उशिरा.

म्हाताऱ्याचा श्वास सुटला, पाय हलला. टाळ्यांनी छप्पर हादरलं. वन्संनी माझं कोपर गच्च धरलं होतं.

“वहिनी… हा आवाज…”

“माझा नव्हता, वन्सं.”

“मला सांगताय? मी त्याच्याबरोबर वाढले.”

झडपा उघडल्या. गादीवर कोणी नव्हतं. वन्संची पिशवी मात्र खाली, भिंतीशी नीट उभी करून ठेवलेली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त बरं वाटलं. त्या धांदलीत मूठ उघडायचं राहूनच गेलं.

रंगपटात मिनोवाया अर्धा रंग पुसून बसले होते, लहान पोरासारखे खूश. “ताई, शिकवणी कधी घेतलीत? अगदी कान्जीसारखा उशीर. मी तर म्हटलं, गेलो आता.”

खरं काय ते सांगावं असं मनात आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी नुसता वाकून नमस्कार केला. त्यांनी चहाचा पेला पुढं केला. थोरांनी दिलेला पेला एका हातानं घेणार कसा? मी मूठ उघडली.

तळहातावर आलुबुखाराची बी होती. ओली, आणि अजून कोमट.

घरी आल्याबरोबर मी बरणी पाहिली. दोरा तसाच, गाठ माझीच, झाकणावरची सहा महिन्यांची धूळसुद्धा तशीच. पुढच्या वर्षी डबे तीन भरीन म्हणते.