चढत्या पाण्यातला तराफा

नवऱ्याला सकाळी पोलिसांनी उचललं आणि दुपारच्या आत द्वारकाबाई एसटी पकडून बारामतीत, राजेश्वरी जाचकच्या ऑफिसात हजर. पायात चप्पल नाही, पदराला चिखल. मोहनराव चहात खारी बुडवत होते, ती तशीच बुडून गेली.

मोहनराव म्हणजे रिटायर ग्रामसेवक. राजेश्वरीचे वडील गेल्यापासून तिची गाडी चालवणं आणि तिच्यावर चिडणं, ही दोन कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. ती खासगी तपासनीस झाली हे त्यांना अजून पसंत नव्हतं, पण एकाही तपासाला ते घरी बसले नव्हते.

द्वारकाबाईचं म्हणणं असं. इंदापूरकडे उजनी धरणाच्या फुगवट्यात एका कंपनीनं भलामोठा तराफा सोडला होता. वर सौर पाट्या, मधे भाजीचे वाफे, खाली पाण्यात जाळीचे पिंजरे आणि त्यांत मासळी. इथं जमलं की पुढं कोकणच्या समुद्रात असे तराफे जायचे होते. अविराज नावाचा तरणा इंजिनिअर तोंडात हवेची नळी धरून खाली उतरायचा आणि जाळी दुरुस्त करायचा. हवा पुरवायचं मशीन वर तराफ्यावर. आज सकाळी तो पिंजऱ्यातच मेला. त्याला बाहेर काढला तो तिच्या नवऱ्यानं, म्हस्कूनं. जाळी कापलेली, नळीही कापलेली, आणि दोन्ही म्हस्कूच्या कोयत्यानं. त्यात आठवड्यापूर्वी, मासेमारीची जागा गेली म्हणून, त्यानं अख्ख्या गावादेखत अविराजला बुडवायची धमकी दिलेली.

"रागाच्या भरात माणूस काय बी बोलतं, ताई," द्वारकाबाई म्हणाली. "पर त्यानं मेल्याला काढायला जाळी कापली. जित्याला मारायला न्हाय."

राजेश्वरीनं पर्स उचलली. मोहनरावांनी कपाळाला हात लावला आणि गाडीची किल्ली शोधली.

काठावर पोचले तेव्हा आभाळ कोंदलेलं होतं. पाऊस टिपूसभर नाही, तरी पाणी चढत होतं. पुण्याकडची धरणं भरून वाहू लागली की इथं हे असंच होतं. गढूळ पाणी आवाज न करता गवतावर येत होतं, आणि मोहनरावांना ते अजिबात आवडलं नाही. माणूस गिळून वर ढेकरही न देणारं पाणी, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी देवाचं नाव घेतलं.

फौजदाराच्या मते केस संपली होती. पोलीस आले तेव्हा हवेचं मशीन व्यवस्थित चालू होतं. मग हवा तुटली कशानं? नळी कापल्यानं. नळी कापली कुणी? म्हस्कूनं. मोहनरावांना हे पटलं. त्यांना फौजदारांचं नेहमीच पटायचं.

तराफ्यावर अविराजची कामातली जोडीदारीण निकिता गुडघ्यात डोकं घालून बसली होती. एकट्यानं खाली उतरायचं नाही हा नियम. पण जाळी शिवायचा दोरा संपला होता आणि मालकाची घाई होती. म्हणून तिनं पहाटे अविराजला होडीनं इथं सोडलं, होडी काठाला नेऊन बांधली आणि ती दोरा आणायला बारामतीला गेली. मालक विजयसिंहही बारामतीतच, पाहुण्यांसोबत होते. दोन दिवस ऊन नसल्यानं पाट्या काही देत नव्हत्या, सगळा तराफा काठावरच्या पेटीतल्या विजेवर चालला होता. "मी थांबले असते तर तो वाचला असता," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

राजेश्वरी तराफ्यावरच्या टाक्यांपाशी थांबली. त्यांत बोटाएवढी पिल्लं दाटीनं वाढवलेली असायची. तळातून हवेचे बुडबुडे छान वर येत होते, आणि पिल्लं मात्र झाडून सगळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती.

"भेदरून मेली असतील," मोहनराव म्हणाले.

"बंद टाकीतल्या माशांना कुणाची भीती, काका? इथं तर कोयताही लागला नाही."

बातमी कळताच आलेल्या विजयसिंहांनी स्वतःच सांगून टाकलं की अविराजशी त्यांचं वाजलं होतं. तराफ्याचे सांधे समुद्राच्या लाटांत टिकणार नाहीत असं तो म्हणायचा. मोहनरावांनी तिथल्या तिथं खुनी ठरवून टाकला. कडक इस्त्रीच्या माणसावर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता.

मग संभाजी तात्या भेटले. काठची जमीन त्यांची, म्हणून तराफ्याची वीजपेटी त्यांच्या बांधावर, आणि त्यांची शेताची मोटरही त्याच पेटीवर. अविराज वर्षभर त्यांच्याच घरी राहिला, त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवला. तात्यांचा स्वतःचा पोरगा काही वर्षांपूर्वी चढत्या पाण्यातून मोटर वर सरकवताना शॉक लागून पाण्यातच गेला होता. तेव्हापासून मोटरीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक.

"आन् फ्यूज खिशात असल्याबिगर मी पाण्यात पाय घालत न्हाय," तात्या म्हणाले. "पेटीत ठिवलं तर कुनी बी येऊन लावतंय."

काल रात्रीपासून कळंबला लेकीकडं होतो, फोन आला तसा धावत आलो, असं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता म्हातारा हुंदके द्यायला लागला. मोहनरावांचेही डोळे भरून आले.

परतताना काठावर ओरडाआरडा चालला होता. प्रेत बघायला सगळं गाव तराफ्याकडं पळालं आणि तेवढ्यात प्रत्येकाची मोटर चढत्या पाण्यात गेली. आता जो तो कंबरभर पाण्यात चाचपडत होता. एकच मोटर वर, तात्यांच्या बांधावरच्या बाभळीखाली, कोरडी बसलेली. पाइप सोडवलेला, ओढत आणल्याचा चर चिखलात ताजा.

"तात्यांची दिसतेय. खरा काळजी घेणारा माणूस," मोहनराव कौतुकानं म्हणाले.

राजेश्वरी जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा उतरला. "काका," ती म्हणाली, "सगळ्यांना इथंच बोलवा."

सगळे बाभळीखाली जमले. पाणी आता झाडापासून हातभर अंतरावर आलं होतं.

"फौजदारसाहेब, तुम्ही आलात तेव्हा मशीन चालू होतं, मान्य," राजेश्वरीनं सुरुवात केली. "पण टाक्यांतली पिल्लं हवेवाचून मेली. म्हणजे त्याआधी वीज बराच वेळ बंद होती. टाकीतली हवा आणि अविराजची हवा एकाच विजेवर. म्हस्कू पोचला तेव्हा अविराज गेलेलाच होता. हवा तुटल्यावरच्या धडपडीत नळी अंगाला गुंडाळली गेली असणार, म्हणून त्याला वर येता आलं नाही आणि म्हणूनच म्हस्कूनं ती कापली."

"लाईट गेली असंल," फौजदार म्हणाला.

"गेली असती तर गावभर गेली असती. मी विचारलं, गावात गेली नव्हती. फक्त या पेटीची गेली आणि परत आली. निकिता आणि विजयसिंह बारामतीत होते. म्हस्कूकडं मोटर नाही, पेटीशी त्याचा संबंध नाही. पण पाणी पहाटेपासून चढतंय, आणि सगळ्या काठाला एकच मोटर वेळेवर वर आली. तिला मालकाशिवाय कुणी हात लावत नाही. आणि मालक फ्यूज खिशात घातल्याशिवाय पाण्यात उतरत नाही."

मोहनरावांना वाटलं, हिनं आता थांबावं. म्हाताऱ्याकडं बघवत नव्हतं.

तात्या मटकन खाली बसले. "होडी काठाला हुती," ते म्हणाले. "मला वाटलं, तराफ्यावर कुनी न्हाय. तिन्ही फ्यूज काढलं, खिशात घातलं. एकल्यानं मोटर वडायची म्हंजी वेळ लागतो. काम झाल्यावर लावलं आन् घरला गेलो. मागनं गलका ऐकला तवा ध्यानात आलं. माझं पोरगं विजंनं गेलं, म्हनून मी वीज काढली. आन् हे पोरगं मी..."

निकितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तो अपघात होता, तात्या," राजेश्वरी हळू म्हणाली. "पण म्हस्कू सकाळपासून आत आहे आणि तुम्ही कळंबचं नाव सांगताय. हा अपघात नाही."

"व्हय," तात्या म्हणाले. "भ्यालो. गावात तोंड कसं दावू, येवढंच डोक्यात हुतं."

द्वारकाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. शिव्या देईल असं मोहनरावांना वाटलं, आणि दिल्या असत्या तर त्यांनी अडवलंही नसतं. तिनं फक्त विचारलं, "माझ्या मानसाला सोडवाया चलताय नव्हं?"

तात्या उठले. गाडीत पुढच्या सीटवर मोहनरावांशेजारी बसले. इंदापूर जवळ आलं तसा त्यांच्या खिशातला फोन वाजला. ते नुसतेच त्याच्याकडं बघत राहिले.

"अविराजची आई हाय," ते म्हणाले. "सकाळी मीच फोन केला तिला. म्हस्कूनं मारला म्हनून सांगितलं. मुक्कामाला माझ्याच घरी यायलीय."

फोन वाजतच होता. मोहनरावांनी गाडी बाजूला घेतली. त्या पोराच्या आईसाठी आणि ह्या म्हाताऱ्यासाठीही त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

तात्यांनी फोन कानाला लावला.

"बाई, घरला जाऊ नगा," ते म्हणाले. "सरळ पोलीस ठाण्यात या. मी तितंच हाय."