हाडांचं पोतं

लोखंडाला भूत लागत नाही, असं मी आयुष्यभर छाती ठोकून सांगत आलो. आता सांगत नाही.

सन एकतीसची गोष्ट. सोलापुरात एका गिरणीत मी इंजिनावर मिस्त्री होतो. दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, दांड्याची पिन झिजली नि गिरणी ठप्प झाली. नवी पिन कातली, पण ती मऊ. ती लोखंडी पेटीत हाडांच्या कोळशात पुरायची, पेटी मातीनं लिंपून भट्टीत लाल करायची, मग तेलात बुडवायची. वरची कातडी पोलादासारखी कडक होते. हे काम भट्टीवाल्या सिद्रामप्पाचं. तापल्या लोखंडाचा रंग कळावा म्हणून तो भरदुपारीही खिडक्यांना गोणपाट लावी.

माळावरच्या मेल्या गुरांची हाडं आणायचा धुळा धनगर. या खेपेला तो दिसला नाही, त्याचं पोतं तेवढं फाटकाशी पडलेलं. एरवी सिद्रामप्पा एकेक हाड गुराचंच आहे ना, हे पाहून निवडून घेई. पण गिरणीचा साहेब डोक्यावर बसलेला. पोतं तसंच जाळून कोळसा केला.

पेटी उघडायच्या दुपारी धुळ्याची बायको केराबाई दारात आली.

"मिस्त्री, आमचं मालक हितं आलं व्हतं का?"

"पोतं आलंय की."

"पोतं हाय. मानूस कुटं हाय?"

आत अंधार, जळक्या हाडांचा उग्र वास. सिद्रामप्पानं लालभडक पिन सांडशीनं उचलली नि तेलात सोडली. नेहमी चर्रर्र होतं. त्या दिवशी तेलातून आवाज आला...

"हुर्रर्र... हेऽऽय..."

धुळ्याची मेंढरं वळवायची हाक!

"त्येच हायत..." केराबाई पुटपुटली.

सिद्रामप्पाच्या हातातली सांडशी गळाली. "शिवा शिवा... ही बसवू नगा, मिस्त्री."

पण साहेबानं कानस फिरवून पाहिली. पिनेवर ओरखडा उठेना. त्यानं खूश होऊन ती बसवली.

तेव्हापासून सकाळी इंजिन सुरू झालं की धुळ्याची मेंढरं धावत येत नि इंजिनघराच्या भिंतीला डोकी लावून उभी राहत. केराबाईही त्यांच्यात असे. धुळा कुठंच सापडेना, तेव्हा भावकीनं तिला बांगड्या फोडायला सांगितलं.

"रोज हाक मारत्यात की," ती म्हणाली, "कशापायी फोडू?"

रविवारी इंजिन बंद असे. एका रविवारीही मेंढरं आलेली पाहून मी कुलूप काढून आत गेलो. सगळं इंजिन गारढोण होतं. भीतभीतच पिनेला हात लावला...

ती ऊन होती, तापातल्या माणसाच्या कपाळासारखी.