आवडामामींनी तिसऱ्यांदा मागे का पाहिलं?

माझी पेन्सिल पडली, तिथून हे सगळं सुरू झालं. ती घरंगळत मागच्या बाकाखाली गेली आणि ती घेऊन अंधारातून एक हात पुढे आला.

"घ्या. एवढ्या अंधारात काय लिहून राह्यल्या?"

"सिनेमाबद्दल लिहितेय."

"बोलपट तं अजून लागायचाच हाये. ह्या नऊ मिनिटाच्या मुक्या चित्रावर?"

"नऊ मिनिटंही पुष्कळ असतात. ती भाजीवाली पाहिलीत ना? वांगी तोलता तोलता तीनदा मागे वळून पाहते. कोणाची तरी वाट पाहतेय ती... जो येणार नाही, त्याची."

मागचा बाक करकरला. मग हळूच, "असं? मले तं नाई दिसलं."

"लक्ष देऊन पाहावं लागतं," मी म्हटलं.

हे १९३९ सालातलं. उन्हाळ्यात वाशीमचं कापसाचं जिनिंग बंद असे, म्हणून त्याच्या गोदामात दारांना गोणपाटं लावून दुपारचे खेळ होत. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि अकोल्याच्या एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहीत होते. बाईमाणसानं असलं लिहिलं की लोक नाक मुरडतात, म्हणून 'तटस्थ' हे नाव घेतलं होतं. आपण कशानं विरघळत नाही याचा मला त्या वयात भारी अभिमान होता.

लेख छापून आला. तिसऱ्या वळून पाहण्यावर मी अर्धा रकाना खर्ची घातला होता. त्या नजरेत दिग्दर्शकानं एका स्त्रीची अपुरी प्रीत पकडली आहे, वगैरे. वाक्यं छान जमली होती, आजही पाठ आहेत.

नंतरच्या रविवारी मागच्या बाकावरचा तो माणूस शाळेच्या ओट्यावर हजर. सोबत डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. मी तिला लगेच ओळखलं, कारण पडद्यावर ती वांगी तोलत होती.

"मी उत्तमराव. थे चित्र म्या काढलं," तो म्हणाला. "अन् ही माही मामी, आवडाबाई. तुमीच 'तटस्थ' ना? गोदामात जे बोलल्या, थेच छापलं तुमी."

तोंड लपवायला जागा नव्हती. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी बोलत व्हत्या... आयकत राहावंसं वाटलं."

हे त्यानं इतकं सरळ सांगितलं की मी पदर सावरायला लागले. तो सावरलेलाच होता.

"मास्तरीनबाई," आवडामामी मधेच म्हणाल्या, "तुमचा कागद हाटेलात मोठ्यानं वाचला लोकायनं. माहा नवरा तवापासून मळ्यातच हाये. आज सहावा दिवस. घरची भाकर शिवत नाई. म्हन्ते, थो कोन हाये ज्याची तू वाट पाहून राह्यली, थ्याले जाऊन खाऊ घाल. बकरी व्हती वो बाई! माही मेथी खाऊन राह्यली व्हती!"

माझ्या अपुऱ्या प्रीतीची बकरी झाली. हसू आलं, पण त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्या अर्ध्या रकान्यानं आणलेलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं.

"मी दुरुस्ती छापते. बकरी होती असं स्पष्ट लिहिते."

"मामा नाई मानत," उत्तमराव म्हणाला. "चित्र काढतानी थो बाजूलेच बसला व्हता. म्हन्ते, पयल्या दोन खेपा बकरी. तिसऱ्या खेपेच्या आधी बकरी म्या सोताच्या हातानं दूर नेऊन बांधली."

"मग तिसऱ्यांदा काय होतं?"

तो जमिनीकडे पाहायला लागला. आवडामामींनी त्याला कोपर मारलं. "सांग ना रे. का मी सांगू?" आणि सांगितलंच. "यानं मशीन माह्यावरून काढून मागं रस्त्याकडं फिरवली. परत माह्यावर आनली, तवा मीच वळून पाहून राह्यली व्हती, एवढं काय हाये तिकडं म्हून. तिकडं तुमी व्हत्या. छत्री घेऊन चालल्या व्हत्या."

"आणि मामांना हे सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू?" उत्तमराव म्हणाला. "आमच्यात परक्या पोरीचं नाव वडीलधाऱ्यासमोर घेतलं का मागनी घालाच लागते. तुमाले न इचारता तुमचं नाव कायले बदनाम करू? म्हून थो तुकडा म्या चित्रातून कापला."

खिशातल्या कागदातून त्यानं फिल्मची वीतभर पट्टी काढली. मी ती उन्हात धरली. कॅमेऱ्यातली मूळ पट्टी ती, काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं झालेलं. पांढरी छत्री, काळं तोंड. ओळखू येण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी मी ती डोळ्यांसमोरून हलवली नाही.

"चला," मी म्हटलं.

नथ्थूमामा मळ्यात विहिरीच्या काठावर बसले होते, दाढी वाढलेली. आवडामामींनी भाकरीचं गाठोडं समोर ठेवलं तशी त्यांनी मान फिरवली. उत्तमरावानं पट्टी पुढे केली. "मामा, तिसऱ्या खेपेले मामी हे पाहून राह्यली व्हती."

मामांनी ती सूर्याकडे धरली, डोळे बारीक केले. "हे कोन भूत हाये?"

उत्तमराव टोपी काढून झटकायला लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिथून निघून गेले असते तर त्यानं कधीच नाव घेतलं नसतं, हे मला तेव्हा पक्कं कळलं... आणि मला निघून जायचं नव्हतं.

"मी," मी म्हटलं. "ती मी आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग भाच्याकडे. "अन् मामीले सोडून हिले काहून काढून राह्यला व्हता तू?"

"मले आवडतात थ्या," उत्तमराव म्हणाला. कान लाल झाले होते. "दुसरं काईच नाई त्यात."

"अन् तुमाले हा?" मामांनी मला विचारलं.

मी एरवी कशावरही दोन रकाने लिहू शकत होते. तेव्हा एकच शब्द सापडला.

"मलाही," मी म्हटलं. "वडिलांना अमरावतीला पत्र मी आजच टाकते."

नथ्थूमामांनी पट्टी भाच्याला परत दिली. मग बायकोकडे न बघता त्यांनी गाठोडं जवळ ओढलं, भाकरी मोडली आणि तिचा अर्धा तुकडा आधी आवडामामींच्या हातात ठेवला.